भोकाचा पैसा : युद्धकाळातील नाणे आणि त्याचे आजचे मोल

जुन्या नाण्यांत सर्वांत सहज ओळखू येणारे नाणे म्हणजे ‘भोकाचा पैसा’. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने १९४३ ते १९४७ या काळात हे कांस्याचे नाणे पाडले. त्याच्या एका बाजूस मुकुट, तर दुसऱ्या बाजूस भोकाभोवती पानांची माळ आहे. राजाचा मुखवटा मात्र त्यावर नाही.

दुसऱ्या महायुद्धात तांबे काडतुसे आणि दारूगोळ्यासाठी लागू लागले. त्याच वेळी सुट्ट्या नाण्यांचीही टंचाई निर्माण झाली. पूर्वीचा पैसा जवळजवळ पाच ग्रॅमचा होता. मध्यभागी भोक पाडलेला नवा पैसा सुमारे दोन ग्रॅमचाच भरला. ६४ पैशांचा रुपया हे प्रमाण मात्र कायम राहिले. मुंबई, कोलकाता व लाहोरच्या टांकसाळींबरोबर दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथेही हे नाणे पाडले गेले. त्याचा वापर पुढे वायसर म्हणूनही झाला. १५ ऑगस्ट १९५० रोजी आलेल्या प्रजासत्ताकाच्या नाणेमालिकेत पैशावर घोडा आला आणि भोक गेले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

गोव्यात त्या काळी पोर्तुगीज राजवटीचे रुपिया आणि टांगा हे चलन होते. त्यामुळे येथील जुन्या डब्यांत भोकाचा पैसा आढळल्यास तो पोर्तुगीज नाण्यांपासून वेगळा ठेवावा. दोन्हींचे संग्रहमूल्य स्वतंत्रपणे ठरते.

किंमत कशी ठरते?

हे नाणे विपुल प्रमाणात पाडले गेल्याने ते दुर्मीळ नाही. वापरून झिजलेल्या नाण्यास सहसा थोडेच रुपये मिळतात. मूळ झळाळी टिकलेल्या, न वापरलेल्या नाण्यास अधिक भाव येतो. वर्ष आणि टांकसाळीची खूणही महत्त्वाची असते. लाहोरच्या नाण्यांवर इंग्रजी ‘एल’ हे अक्षर आढळते. भोक पाडायचे राहून गेलेली किंवा ते बाजूला सरकलेली सदोष नाणी संग्राहक आवर्जून शोधतात. चिंच, लिंबू किंवा पॉलिशने नाणे घासल्यास त्यावरील नैसर्गिक थर जातो आणि मूल्य घटते. नाणे कडेने धरावे व कोरड्या जागी ठेवावे.

लाखांचे आमिष

एका जुन्या पैशाला लाखो रुपये मिळतील, असे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात. विक्रीआधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ मागितला जातो आणि पैसे भरले की खरेदीदार नाहीसा होतो. अशा व्यवहारांत आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याचा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक अशा खरेदी-विक्रीत सहभागी होत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही, असेही तिने स्पष्ट केले होते. त्यामुळे नाणे विकण्यासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्यास एकही रुपया देऊ नये. नाणे एकाहून अधिक जाणकारांना प्रत्यक्ष दाखवूनच व्यवहार करावा.