मुळाशी जिवंत राहिलेले झाड

अमेरिकेच्या पूर्वेकडे ॲपलाचियन नावाची डोंगररांग आहे. तेथल्या गरीब शेतकऱ्याचा निम्मा संसार चेस्टनट या एकाच झाडावर चाले. घराच्या फळ्या त्याच्या, कुंपण त्याचे, डुकरे पोसायची ती त्याच्याच फळांवर. उरलेली फळे विकून चार पैसे हाती येत. कातडी कमावण्याचे द्रव्य, रेल्वेचे स्लीपर, तारेचे खांबही त्याचेच. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या पुष्कळ झाल्या. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना अशा झाडाचा इतिहास अधिक जवळचा वाटतो.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात हर्मन मर्केल यांना ही झाडे वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर एक बुरशी आली होती. सालीच्या जखमेतून ती शिरते, ऑक्झॅलिक आम्ल सोडून आतला जिवंत थर मारते, आणि खोडाभोवती तिचा वेढा पुरा झाला की वरचे झाड संपते. पेनसिल्व्हानिया राज्याने १९११ मध्ये आयोग नेमला. तो १९१३ मध्ये गुंडाळलाही गेला. झाड मरणारच, मग आजच विका, म्हणून धडधाकट झाडांवरही कुऱ्हाड पडली. त्यांत एखादे चिवट झाड असेल, त्याचे बी राखावे, हे कितीजणांना सुचले? १९५० च्या सुमारास सुमारे ४०० कोटी झाडे गेल्याचा अंदाज आहे.

पण जमिनीखाली या बुरशीचे फारसे चालत नाही. मुळांतून धुमारे फुटतात, वाढतात, आणि बहुधा फळ धरण्याआधीच पुन्हा करपतात. शंभर वर्षे हेच चालले आहे.

चिनी जातीशी संकर करून पाहिला. झाडे रोगाला टिकली, पण उंच जंगलात टिकेनात. मक्याचे जनुकशास्त्रज्ञ चार्ल्स बर्नहॅम यांनी वेगळी वाट सुचविली : संकरित रोपाचा अमेरिकन झाडाशी पुन:पुन्हा संकर करावा, रोगाला तोंड देणारी तेवढी निवडावी. त्यासाठी १९८३ मध्ये अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन उभे राहिले. पुढे कळले, की प्रतिकारशक्ती दोन-तीन जनुकांत नाही, अनेकांत विखुरलेली आहे. हिशेब चुकला, पण झाडे लावणारे हात थांबले नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज येथे विल्यम पॉवेल व चार्ल्स मेनार्ड यांनी गव्हाचे एक जनुक झाडात घातले. ते बुरशीला मारीत नाही, तिचे आम्ल तेवढे मोडते. भांडण न मिटवता हत्यार काढून घेण्याचाच हा प्रकार. ‘डार्लिंग ५८’ या नावाने मंजुरीचा अर्ज गेला. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झाले, की चाचण्यांतली झाडे ‘डार्लिंग ५४’ होती. त्यांची वाढही असमान होती. फाउंडेशनने जाहीरपणे पाठिंबा काढून घेतला. इतक्या वर्षांचा घाम पाहता ते सोपे नव्हते. पॉवेल तर त्याआधीच्याच महिन्यात वारले होते. सिरॅक्यूजवाल्यांनी मात्र अर्ज सोडला नाही.