देहूचा दुष्काळ आणि तुकोबांचे देवाशी भांडण

१/ इ. स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळात होरपळले. त्याच दुष्काळात देहूच्या एका महाजनाची पहिली पत्नी अन्नावाचून मरण पावली. तो महाजन म्हणजे तुकाराम बोल्होबा. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेल्या विठ्ठलाने हे संकट टाळले नाही. तरीही तुकोबा आयुष्यभर त्याचेच गुण गात राहिले. हे कसे घडले, याचा हा धागा.

२/ आधी काळ पाहू. पावसाने पाठ फिरवली होती, आणि त्यात युद्धाची भर पडली. निजामशाहीवरील मोहिमेसाठी शहाजहानचा तळ बुऱ्हाणपुरात होता. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले. सुरतेहून आग्र्याकडे गेलेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी याने वाटेतल्या प्रेतांची वर्णने लिहून ठेवली आहेत. पुणे परगण्यातले देहू या सर्वांच्या छायेत होते.

३/ तुकोबांचे घर खाऊनपिऊन सुखी होते. गावची महाजनकी, दुकान, शेती, सावकारी आणि पूर्वज विश्वंभरबुवांनी स्थापिलेले विठ्ठलाचे देऊळ, असा सारा संसार होता. आईवडील गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेस निघून गेले. पाठोपाठ दुष्काळ आला. गुरेढोरे गेली, व्यापार बुडाला, पत्नी रखमाबाई गेली, मुलगा संतोबाही गेला.

४/ स्वतःच्या आयुष्याविषयी सांगणारा तुकोबांचा एक अभंग प्रसिद्ध आहे. त्यातील घटनांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. दुष्काळाने द्रव्य आणि मान दोन्ही नेले, पत्नी गेली, आपलीच लाज वाटू लागली, व्यवसायात तोटा आला. यानंतर लगेच येते ती भग्न देवळाची गोष्ट. देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. मग एकादशीची कीर्तने सुरू झाली. कोणतीही प्रार्थना फळाला आल्याचा उल्लेख या क्रमात नाही.

५/ दुसरा एक अभंग मात्र आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो. दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडले, हे सारे बरेच झाले, असे तुकोबा त्यात देवाला सांगतात. हा अभंग एकटा वाचला, तर तो निष्ठुर वाटतो. आधीच्या अभंगातील लाज आणि दुःख यांच्या शेजारी ठेवून वाचला, तर आपल्याच जखमेवर बोट ठेवून बोलणारा माणूस दिसतो.

६/ हे ‘बरे झाले’ तुकोबा कोणाला लावतात, हा कळीचा प्रश्न आहे. ते स्वतःलाच लावतात. इतरांच्या बाबतीत त्यांनी काय केले, ते परंपरा सांगते. घरातील कर्जखतांची धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी करून आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने नागवलेल्या कुळांना त्यांनी ‘देवाची इच्छा’ म्हणून समजावले नाही, त्यांचे देणेच मिटवले.

७/ म्हणून तुकोबांच्या स्तुतीला अन्यायाचे समर्थन म्हणता येत नाही. आपल्या दुःखाचा अर्थ आपण लावावा. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावण्याआधी त्याचे ओझे हलके करावे. भामचंद्र, भंडारा आणि घोरावडेश्वर या डोंगरांवर एकांत शोधणारा हा माणूस गावाचा हिशेब चुकता करून तेथे बसला होता.

८/ पुढचा घाव माणसांनी घातला. शूद्राने धर्म सांगावा, तोही प्राकृतात, हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना मान्य नव्हते. परंपरेनुसार अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत सावकाराने खते सोडली, त्याच नदीत कवीची वाणी गेली. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवापाशी धरणे धरून बसले.

९/ या धरण्याचे म्हणून ओळखले जाणारे अभंग म्हणजे मराठीतील देवाशी झालेले सर्वांत उघड भांडण. देव थकबाकीदार आहे आणि सावकार वसुलीला आला आहे, असा सूर तुकोबा अन्यत्रही लावतात. एका अभंगात तर आपल्या लेखी देव मेला, इथपर्यंत ते जातात. पण बोलणे तुटत नाही. ज्याच्यावर हक्क वाटतो, त्याच्याशीच माणूस असा भांडतो.

१०/ वह्या कोरड्या निघाल्या, ही कथा महिपतींनी १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृता’त सविस्तर सांगितली. तेरा दिवसांचा उल्लेख मात्र समकालीन संत बहिणाबाई यांच्या रचनेतही येतो. वह्या मिळाल्यावर तुकोबा विजयाचा डंका पिटत नाहीत. देवाचा अंत पाहिला, हा आपलाच अन्याय झाला, असे ते म्हणतात. रामेश्वरभट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले.

११/ बहिणाबाईंची कहाणीही याच प्रश्नाची आहे. ब्राह्मण घरातील या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, म्हणून पतीने मारहाण केली. देहूत आल्यावर मंबाजी गोसाव्याने छळले. स्त्रीच्या देहाला वेदाचा अधिकार नाही, ही व्यथा त्यांनी आत्मनिवेदनात मांडली. भजन मात्र त्यांनी सोडले नाही, आणि व्यथा लपवलीही नाही.

१२/ जगाच्या साहित्यात याला सोबत आहे. बायबलातील ईयोबाची मुले आणि संपत्ती जाते. ‘तुझेच काही चुकले असेल,’ असे मित्र त्याला सुनावतात. शेवटी देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर शहाणपण शिकवणाऱ्या त्या मित्रांवर.

१३/ तुकोबांची वाणी टिकली, ती लिहून ठेवणाऱ्यांमुळे. त्यांत अग्रणी चाकणचे संताजी जगनाडे. तेली समाजातील या टाळकऱ्याच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी पुढे ‘अस्सल गाथा’ छापली. संताजींची समाधी सुदुंबरे येथे आहे. आज कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणचा हा जुना लौकिक.

१४/ १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली पालखी आजही आकुर्डीला मुक्कामी थांबते आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधून पुण्याकडे जाते. तिकडे चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागून भामचंद्र डोंगर उभा आहे. त्याच्या परिसरातील शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकलच्या नियोजित केंद्राला २००८ मध्ये गावकऱ्यांनी आणि वारकऱ्यांनी विरोध केला. त्या आंदोलनाला हिंसक वळणही लागले. पुढे कंपनीने तो प्रकल्प सोडला.

१५/ इंद्रायणीचे दुखणे मात्र संपलेले नाही. सांडपाण्याने फेसाळलेल्या त्याच पाण्यात आळंदीला वारकरी स्नान करतात, ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणतात आणि नदी स्वच्छ करा, अशी मागणीही करतात. भजन आणि तक्रार एकाच तोंडी असण्याची ही रीत या काठावर सुमारे चारशे वर्षे जुनी आहे.