सुझान लेंग्लेन आणि तिचे वडील

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. ती म्हणतांना आपल्या मनांत बहुधा रक्ताचा विचार असतो. पण मुलाला घराकडून रक्ताखेरीज आणखीहि पुष्कळ मिळत असतें. सवय, शिस्त, महत्त्वाकांक्षा आणि भीति या चारहि घरच्याच देणग्या होत, आणि पुष्कळदां त्या एकाच हातानें दिल्या जातात. पस्तीस वर्षें मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला याचा अनुभव वर्गांत रोज येत असे. आज जी हकीकत मी आपणांस सांगणार आहें ती टेनिसच्या मैदानावरची आहे. परंतु तिचा खरा विषय शिक्षण हाच आहे.

सुझान लेंग्लेन हिचा जन्म २४ मे १८९९ रोजीं पॅरिस येथें झाला. तिचे वडील शार्ल लेंग्लेन यांना घोड्यांच्या प्रवासी गाड्या चालविणारी एक कंपनी वारशानें मिळाली होती. ती त्यांनीं विकून टाकली आणि त्या पैशाच्या उत्पन्नावर हें कुटुंब सुखानें राहूं लागलें. हिवाळ्यांत मुक्काम नीस या समुद्रकांठच्या शहरीं असे, आणि तेथील त्यांच्या बंगल्यासमोरच, रस्त्यापलीकडे, टेनिसचा क्लब होता. पैसा आहे, वेळ आहे आणि काम मात्र नाहीं, अशा बुद्धिमान् मनुष्याला एखादा छंद लागला म्हणजे तो छंद राहत नाहीं, त्याचें व्रत होतें. मुलगी प्रकृतीनें नाजूक होती. तिला दम्याचा विकार होता. खेळानें तिची प्रकृति सुधारेल या आशेनें वडिलांनीं १९१० सालीं तिला खेळण्यांच्या दुकानांतून एक रॅकेट आणून दिली. मुलीचा हात पाहून थोड्याच दिवसांत त्या खेळण्याच्या जागीं खरी रॅकेट आली, आणि तीनच महिन्यांनीं शांतिली येथील एका स्पर्धेंत या अकरा वर्षांच्या मुलीनें दुसरा क्रमांक मिळविला. त्या दिवसापासून बापाच्या आयुष्याला एक काम मिळालें.

शार्ल हे स्वतः टेनिसचे मोठे खेळाडू नव्हते. त्यांचा गुण निराळा होता. त्यांना पाहतां येत असे. नीसच्या आसपास हिवाळ्यांत मोठमोठे खेळाडू येत. शार्ल बाजूला बसून त्यांचा प्रत्येक फटका न्याहाळीत. त्या काळीं बहुतेक स्त्रिया मागच्या रेषेजवळ उभ्या राहून आलेला चेंडू शांतपणें परतवीत. पुरुष मात्र जोरानें मारीत आणि जाळ्यापाशीं धांवून येत. पुरुषांना जें येतें तें मुलीला कां येऊं नये, असा प्रश्न शार्ल यांनीं स्वतःला विचारला. त्याचें उत्तर म्हणून त्यांनीं मुलीला पुरुषांसमोर उभें केलें. मैदानावर एका ठिकाणीं हातरुमाल पसरावा, त्यावर चेंडू पाडण्यास सांगावें, मग रुमाल दुसरीकडे ठेवावा, आणि असें तासन्‌तास चालावें, ही त्यांची पद्धत प्रसिद्धच आहे. आमच्या शाळांतून पाढे घोटून घेत, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, या वर्गांत विद्यार्थिनी एकच होती आणि शाळा सुटल्यावरहि मास्तर घरींच असे.

या शिक्षणाचें फळ लवकर आलें. १९१४ सालीं, वयाला पंधरा वर्षें होतात न होतात तोंच, सुझाननें सेंक्लू येथील मातीच्या मैदानावरील जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर महायुद्ध सुरू झालें आणि मोठ्या स्पर्धा थांबल्या. १९१९ मध्यें ती प्रथमच विंबल्डनला गेली, तेव्हां तिच्यासमोर चाळीस वर्षांच्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स होत्या. सात वेळां विजेतेपद मिळविलेल्या. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी प्रेक्षकांत होतीं. सामना १०-८, ४-६, ९-७ असा एकंदर चव्वेचाळीस गेम चालला. तिसऱ्या सेटमध्यें चेंबर्सबाईंना दोनदां अशी संधि आली कीं, आणखी एकच गुण मिळता तर सामना संपला असता. त्यांतील एका प्रसंगीं सुझानच्या रॅकेटच्या लांकडाला लागून चेंडू कसाबसा जाळ्यापलीकडे पडला. सामन्याच्या ऐन भरांत मुलगी थकलेली पाहून वडिलांनीं प्रेक्षकांतून कोन्याक मद्याची लहानशी कुपी तिच्याकडे फेंकली, असें सांगतात. तिनें घोट घेतला आणि ती जिंकली. पुढच्या वर्षीं अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्यें तिनें एकेरीचें सुवर्णपदक मिळविलें, आणि त्या सबंध स्पर्धेंत फक्त चार गेम गमावले. विंबल्डनचें एकेरी विजेतेपद तिनें एकंदर सहा वेळां मिळविलें.

इतकी हकीकत ऐकल्यावर, बाप असावा तर असा, असें आपण म्हणाल. पण ती कुपी जरा लक्षांत ठेवावी. सामन्याच्या वेळीं आईवडील दोघेंहि बाजूला बसत. मुलीचें चुकलें तर चार लोकांदेखत तिला बोल लावण्यासहि तीं कमी करीत नसत. अडचणींत उपाय बाकावरून येई आणि चुकीचा निवाडाहि बाकावरूनच होई. चेंडू कोठें टाकावा हें मुलगी शिकली होती; पण आपण कसें खेळलों हें ठरविण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे आला नव्हता.

१९२१ सालीं ती अमेरिकेला गेली. आई बरोबर होती, वडील फ्रान्समध्येंच राहिले होते. लांबचा सागरप्रवास आणि आजारपण यांनीं ती थकून गेली होती. फॉरेस्ट हिल्स येथें तिची गांठ मोला मॅलरी या खंबीर खेळाडूशीं पडली. याच मॅलरीबाईंना तिनें त्याच वर्षीं फ्रान्समध्यें हरविलें होतें. येथें पहिला सेट तिनें २-६ असा गमावला, आणि दुसरा नुकताच सुरू होतो न होतो तोंच खोकत, रडत ती मैदान सोडून निघाली. प्रेक्षकांनीं हुर्यो केली. १९१९ पासून १९२६ पर्यंत एकेरींत मैदानावर झालेला तिचा हा एकच पराभव. तिचा आजार खोटा नव्हता, आणि केवळ वडील नव्हते म्हणून ती हरली असें मी म्हणणार नाहीं. पण हरत असतांना उभें कसें राहावें हा धडा तिला कोणीं शिकविलेला नव्हता, हें मात्र त्या दिवशीं सर्वांना दिसलें. दुसऱ्या वर्षीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत तिनें त्याच मॅलरीबाईंचा ६-२, ६-० असा अवघ्या २६ मिनिटांत पराभव केला. म्हणजे सूड घेणें तिला साधलें. पराभव पचविणें तिच्या वांट्याला आलेंच नाहीं.

१९२६ सालीं, सत्तावीस वर्षांची असतांना, ती धंदेवाईक खेळाडू झाली. हौशी खेळांत तिकिटांचा पैसा इतरांच्या हातीं जातो आणि ज्याच्यासाठीं लोक येतात तो खेळाडू रिकामा राहतो, ही तिची तक्रार होती, आणि ती अगदीं रास्त होती. अमेरिकेंतील दौऱ्यासाठीं तिला ५०,००० डॉलर ठरले. परंतु त्यामुळें विंबल्डनचीं दारें तिला कायमचीं बंद झालीं. १९२९ मध्यें वडील वारले. ४ जुलै १९३८ रोजीं, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं, रक्तक्षयाच्या विकारानें सुझानचाहि अंत झाला.

श्रोतेहो, ही कथा एका फ्रेंच घराण्यापुरती नाहीं. अमेरिकेच्या आंद्रे आगासी यानें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत, बापानें लादलेल्या या खेळाचा आपण मनापासून द्वेष करीत होतों, असें लिहून ठेवलें आहे. उलट रिचर्ड विल्यम्स यांनींहि आपल्या व्हीनस आणि सेरीना या मुलींना स्वतःच शिकविलें. पण १९९१ सालीं, मुली लहान वयाच्या स्पर्धा गाजवीत असतांना, त्यांना त्या स्पर्धांतून बाहेर काढलें. शाळा आणि बालपण आधीं, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें एकेरीचीं मोठीं विजेतेपदें व्हीनसनें सात आणि सेरीनानें तेवीस मिळविलीं. कोठें ढकलावें हें पुष्कळ बापांना कळतें. कोठें थांबावें हें थोड्यांनाच.

आतां घरचीच एक गोष्ट सांगतों. माझा थोरला मुलगा गणितांत हुशार होता. त्याला शिष्यवृत्ति मिळावी म्हणून मी रोज संध्याकाळीं त्याच्याजवळ बसत असें. तो चुकला कीं माझें बोट त्या आंकड्यावर जाई, आणि तो लगेच उत्तर दुरुस्त करी. घरीं त्याचें एकहि उदाहरण चुकत नसे, आणि याचा मला मोठा अभिमान होता. परीक्षेच्या दिवशीं तो अर्धी उत्तरपत्रिका कोरी ठेवून परत आला. मी रागावलों, तेव्हां तो हळूच म्हणाला, “बाबा, कुठें चुकलें तें तिथें कोण सांगणार?” जन्मभर दुसऱ्यांचीं मुलें शिकविणाऱ्या मला त्या एका वाक्यानें शिकविलें. त्यानंतर मी त्याच्याजवळ बसणें सोडलें, तरी माझ्या बोटाची वाट पाहण्याची त्याची संवय जाण्यास दोन वर्षें लागलीं.

शेवटच्या वर्षांत सुझाननें पॅरिसमध्यें टेनिसची शाळा चालविली आणि ती मुलांना शिकवूं लागली. आज तेथील रोलां गारो मैदानावरील एका कोर्टाला तिचें नांव आहे, आणि फ्रेंच स्पर्धा जिंकणाऱ्या स्त्रीला मिळणारा चषकहि तिच्याच नांवाचा आहे. शार्ल लेंग्लेन यांच्या नांवाचें तेथें कांहीं नसेल. पण त्या चषकावर अर्धा हक्क त्यांचा आहे, हें कोणींहि नाकारूं नये. त्यांनीं मुलीला रुमालावर चेंडू टाकण्यास शिकविलें, आणि तें काम त्यांच्याइतकें उत्तम दुसऱ्या कोणीं केलें नसतें. फक्त एके दिवशीं तो रुमाल उचलून त्यांनीं मुलीच्या हातीं द्यावयास हवा होता, आणि म्हणावयास हवें होतें, “आतां कोठें ठेवावयाचा तें तूंच ठरव.” ज्यांच्या घरांत आज एखादें हुशार मूल दिव्याखालीं अभ्यासाला बसलें असेल, त्या आईबापांना माझी एवढीच विनंति आहे. त्याच्याजवळ अवश्य बसा. पण आपलें बोट थोडा वेळ आवरून धरा.