प्रवासातील काम : नेटवर्क नसताना

कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे ६.५ किलोमीटर लांबीचा आहे. अशा ठिकाणी नेटवर्क तुटले, की हातातील काम अडते. म्हणून इंटरनेटविना चालणारी साधने निघण्यापूर्वीच सज्ज ठेवावीत.

गुगल डॉक्समधील 'ऑफलाइन' सुविधा आधी सुरू केल्यास मजकूर संगणकातच साठतो आणि इंटरनेट मिळताच मूळ प्रतीत आपोआप जमा होतो. गुगल मॅप्सवर हव्या त्या भागाचा नकाशा उतरवून घेता येतो. खाते उघडण्यासाठी एसएमएसने येणारा संकेतांक नेटवर्कअभावी पोहोचत नाही. गुगल ऑथेंटिकेटर मात्र नेटवर्कविना दर ३० सेकंदांनी नवा संकेतांक देते. फोनच हरवला तर? त्यासाठी गुगल खात्यातून मिळणारे राखीव संकेतांक कागदावर लिहून फोनपासून वेगळे ठेवावेत.