मूठभर तांदळाची मंडळी

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरात बाई भातासाठी तांदूळ मोजून घेते आणि तो शिजायला टाकण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात काढून ठेवते. हे रोज, प्रत्येक रांधपाच्या वेळी चालते. पुढे मंडळीतल्या स्त्रिया घरोघर जाऊन हा तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि आलेले पैसे मंडळीच्या कामाला लागतात. या प्रथेला तिथे ‘बुहफाय थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, म्हणतात. ती १९१० च्या सुमारास रुजली. १९१४ च्या हिशेबात तिची जमा ८० रुपयांच्या घरात होती. आज ती वर्षाला कित्येक कोटी रुपये भरते. आकडा मोठा आहे, म्हणून या प्रथेचे कौतुक बहुतेक वेळा आकड्यापाशीच थांबते. मला तिच्यात वेगळी गोष्ट दिसते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले तेव्हापासून ख्रिस्ती माणसाने खुशीने द्यावे असे सांगितले जाते, आणि ही खुशी जणू मनात आपोआप उगवते असे समजून प्रवचने होतात. मिझो डोंगरांचा इतिहास पाहिला तर ती तीन साध्या व्यवहारी गोष्टींवर उभी असल्याचे दिसते: देण्याची ऐपत कोणाची मानली जाते, किती द्यायचे ते कोण ठरवतो आणि दिलेल्याचे पुढे काय होते.

मिझो लोक ख्रिस्ती होण्याआधी देत नव्हते असे मुळीच नाही. दर हंगामाला गावच्या सरदाराला भात द्यावे लागे. त्याला ‘फाथांग’ म्हणत. ब्रिटिशांनी लुशाई टेकड्या ताब्यात घेतल्यावर घरामागे दोन रुपयांची पट्टी बसवली. या दोन्ही देण्यांत खुशीचा प्रश्नच नव्हता. तिसरे देणे मात्र मानाचे होते. ठरलेली गावजेवणे क्रमाने घालणाऱ्या किंवा ठरलेली जनावरे शिकारीत मारणाऱ्या पुरुषाला ‘थांगछुआ’ हा किताब मिळे, आणि मेल्यावर त्याचा आत्मा पियालराल या सुखाच्या लोकात जाई. बाकीच्यांच्या वाट्याला मिथीखुआ, म्हणजे मृतांचे गाव. तिथे इथल्यासारखेच कष्ट. पियालरालचे मोठे सुख कोणते, तर तिथे कांडलेला, तयार तांदूळ खायला मिळतो. रोज पहाटे उखळात भात कांडणाऱ्या बायकांच्या समाजानेच स्वर्गाचे असे चित्र रंगवावे, हे समजण्यासारखे आहे. पण त्या स्वर्गाचे दार दौलतीने किंवा शिकारीच्या पराक्रमाने उघडत होते, आणि बाई तिथे गेली तर थांगछुआची बायको म्हणूनच. औदार्य होते, त्यात उत्सवही होता. गरीब घरातल्या बाईला मात्र देणारी म्हणून त्यात जागा नव्हती.

मिशनच्या पहिल्या प्रयत्नातही देणारा एकच होता. जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोघे जानेवारी १८९४ मध्ये या टेकड्यांत पोचले, ते लीड्सच्या रॉबर्ट आर्थिंग्टन या श्रीमंत अविवाहित गृहस्थाच्या पैशावर. आर्थिंग्टन स्वतः कंजूष म्हणावा इतक्या काटकसरीने राहत असे आणि जवळजवळ सगळी दौलत त्याने मिशनकार्याला दिली. त्याच्या मनाच्या मोठेपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण मिशनरींनी एका जमातीत फार काळ रेंगाळू नये, शुभवर्तमान सांगून पुढे सरकावे, असा त्याचा आग्रह होता. मिझो भाषेला रोमन लिपी देऊन हे दोघे १८९७ अखेर निघून गेले. त्याच वर्षी वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स ऐझॉलला आले, आणि पहिले दोन बाप्तिस्मे १८९९ मध्ये झाले. देणारा कितीही निःस्वार्थी असला, तरी तो दूर बसून देतो तेव्हा काम कुठवर चालायचे हेही तोच ठरवतो.

ही अडचण मिझोंपुरती नव्हती. अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये अहमदनगरच्या मराठी मिशनच्या पाहणीला आले, तेव्हा त्यांचाही भर यावरच होता की गावोगावच्या मंडळ्यांना आपले पाळक असावेत आणि त्यांनी त्यांना स्वतः पोसावे. ब्रह्मदेशात बॅसीनच्या कारेन मंडळ्यांनी हे एकोणिसाव्या शतकातच करून दाखवले होते. रोख पैसा हाती नसलेल्या शेतकरी माणसाने द्यायचे काय, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी धान्य हेच निघाले. नगर भागातल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला लोक धान्य, भाजी, कोंबडी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, त्याचे मूळही याच व्यवहारात आहे. मूठभर तांदळाची कल्पनासुद्धा मिझोंची स्वतःची नव्हे. ती शेजारच्या खासी टेकड्यांतल्या मंडळ्यांकडून आली.

मग मिझो स्त्रियांनी तिच्यात वेगळे काय आणले? त्यांनी ती सणावारी न ठेवता रोजच्या रांधपात बसवली. झूम शेती करणाऱ्या घरात जमीन, जनावरे आणि पैसा यांवर बाईचा अधिकार नव्हता. पण चुलीवर किती तांदूळ चढवायचा हे तीच ठरवत असे. घरातला एवढा एकच निर्णय तिचा होता, आणि प्रथा नेमकी त्यावर उभी राहिली. मूठही तिच्याच हाताची. माणसे जास्त असली तरी एक, कमी असली तरी एक, आणि नसेल त्या दिवशी लहानशी. दशमांशाला उत्पन्न मोजावे लागते, मुठीला काहीच मोजावे लागत नाही. ज्या समाजात बाईची अक्कल पाणवठ्यापलीकडे जात नाही असे म्हणत, तिथे या तांदळाच्या पैशावर शुभवर्तमान सांगत गावोगाव फिरणाऱ्या स्त्रिया पोसल्या गेल्या. प्रथा नवी असतानाच १९११-१२ मध्ये मौताम आला: बांबू फुलला, उंदरांची पैदास झाली, त्यांनी पीक फस्त केले आणि दुष्काळ पडला. केवळ उत्साहावर चालणारी गोष्ट अशा वर्षी बंद पडते. ही पडली नाही, कारण तिने कोणाकडूनही मुठीपेक्षा जास्त मागितले नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की, आठवड्याला दारात कोणी डबा रिकामा करायला येणार असेल आणि शेजारणीला तुमचा डबा दिसणार असेल, तर ती खुशी कसली? आक्षेप खोटा नाही. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची ८७ टक्के लोकसंख्या ख्रिस्ती आहे; अशा ठिकाणी मंडळीचा रिवाज गावाच्या रिवाजाइतकाच जड असतो. पण लोकलाज आणि फाथांग या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. सरदाराचे भात न देणाऱ्याला शिक्षा होती, इथे तशी शिक्षा नाही. शिवाय मूठ काढली जाते ती स्वयंपाकघरात, कोणी पाहत नसताना. गोळा करायला येणारी बाईही त्याच गावची, स्वतः मूठ काढणारी. रिवाजाच्या ओघात दिलेले दान खुशीचे असूच शकत नाही असे मानले, तर मग जगातल्या फारच थोड्या चांगल्या सवयी खुशीच्या ठरतील.

दुसरा आक्षेप मला अधिक टोकदार वाटतो. गरिबाच्या ताटातला घास घेऊन संस्था मोठी करायची, हे औदार्य की शोषण? विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सांगणारा येशू त्याच प्रसंगी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवरही तुटून पडतो, हे अनेक प्रवचनकार सोयीने विसरतात. मिझो मंडळीच्या बाजूने एवढे म्हणता येते की तांदळाचा मोठा वाटा बाहेर गेला. मिझो प्रेस्बिटेरियन सिनडने भारतभर आपले मिशनरी पाठवले. आर्थिंग्टनच्या पैशावर ज्यांच्याकडे मिशनरी आले, ते लोक साठ-सत्तर वर्षांत स्वतः मिशनरी पाठवू लागले. घेणारा देणारा झाला, याचा आनंद मला खरा वाटतो, आणि तो परदेशी निधीवर बसून कधीच मिळाला नसता. तरी जमा कोटींत गेल्यावर हिशेब उघडा ठेवण्याची जबाबदारी त्याच पटीत वाढते. बायकांनी गोळा केलेल्या पैशाचा विनियोग ठरवणाऱ्या सभांत बायका किती, हेही विचारायला हवे.

या प्रथेची खरी उणीव तिथेच आहे. देण्याचा अधिकार स्त्रियांनी मुठीने मिळवला. दिलेले कुठे जावे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना मुठीबरोबर आला नाही. तीन गोष्टींपैकी दोन साधल्या, तिसरी अर्धीच राहिली. २०१० मध्ये प्रथेला शंभर वर्षे झाली. या शंभर वर्षांत मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन सिनडने एकाही स्त्रीला पाळक म्हणून दीक्षा दिली नव्हती.