श्वाननामांचा इतिहास

जयपूरसारख्या शहरात अलीकडे सोनेरी केसांचा रिट्रीव्हर जातीचा कुत्रा पुष्कळ सुखवस्तू घरांतून दिसू लागला आहे. पिल्लू घरात आले की पहिला वाद त्याच्या नावावरून होतो. आजोबांना 'मोती' हवा असतो, मुलांना 'सिंबा' अगर 'ब्रूनो', आणि घरातील गृहिणी दोन्ही पक्षांचे ऐकून घेऊन तिसरेच एखादे नाव मनाशी धरून बसलेली असते. वाद किरकोळ खरा. परंतु प्राण्याला नाव देणे ही गोष्ट राजेरजवाड्यांनीही कधी किरकोळ मानलेली नाही. ज्या कछवाह घराण्यातील सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसविले, त्या घराण्याच्या इतिहासातच याचा एक नामांकित दाखला आहे.

१५७६ च्या जून महिन्यात हळदीघाटीस जे युद्ध झाले, त्यात अकबराच्या सैन्याचे आधिपत्य आमेरच्या मानसिंहाकडे होते. महाराणा प्रतापांचा 'रामप्रसाद' नावाचा ख्यातनाम हत्ती त्या दिवशी मोगलांच्या हाती लागला. इतिहासकार बदायूनी हा स्वतः त्या लढाईत हजर होता, आणि तो हत्ती बादशहापुढे नेण्याची कामगिरी त्याच्याकडेच आली. बादशहाने हत्तीचे नाव विचारले, ते सांगण्यात आले, आणि हा लाभ पीराच्या कृपेचा असल्यामुळे यापुढे याचे नाव 'पीरप्रसाद' असावे, असा हुकूम झाला. हत्ती तोच, सोंड तीच, सुळेही तेच. धनी पालटला म्हणून नाव पालटले. नाव ठेवण्याचा अधिकार हा मालकीचाच एक भाग असतो, हे यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे.

राजपुतान्याच्या इतिहासात हत्तीला नाव आहे, घोड्याला नाव आहे. चेतकाचे नाव ठाऊक नाही असा शाळकरी मुलगा विरळा. कुत्र्याला मात्र या दरबारी मांडणीत फारसे स्थान मिळाले नाही. त्याचे लाड झाले नाहीत असे नव्हे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हा १६१६ च्या जानेवारीत अजमेरास जहांगिराच्या दरबारी रुजू झाला. त्याचा धर्मगुरू एडवर्ड टेरी याने आपल्या प्रवासवृत्तांतात विलायतेहून आणलेल्या मॅस्टिफ जातीच्या दोन दांडग्या कुत्र्यांची हकीकत दिली आहे. बादशहा त्यांच्यावर इतका खूष झाला की, त्यांच्या दिमतीला स्वतंत्र नोकर नेमले गेले, फिरायला पालख्या मिळाल्या, माश्या वारायला माणसे मिळाली, आणि आपल्या हाताने घास भरविता यावा म्हणून बादशहाने चांदीचा चिमटा करवून घेतला. चिमट्याच्या धातूची नोंद राहिली, पण त्या कुत्र्यांना हाक कोणत्या नावाने मारीत, ते लिहून ठेवण्याची आवश्यकता टेरीला भासली नाही.

आपल्या प्राचीन वाङ्मयाने याबाबतीत अधिक औदार्य दाखविले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सरमा ही आपल्या वाङ्मयातील पहिली नामधारी कुत्री. पणींनी दडवून ठेवलेल्या गाईंचा माग काढीत ती रसा नदीचे पाणी ओलांडून जाते आणि पणींना तोंडावर जाब विचारते. हरवलेले हुडकणे, वाटेत पाणी आडवे आले तरी न कचरणे, आणि धन्याचे काम पुरे करणे हीच रिट्रीव्हरची लक्षणे मानली, तर त्या जातीची कुलदेवता म्हणून सरमेकडे बोट दाखवावयास हरकत नाही. तिचे नाव धावणे या अर्थाच्या धातूवरून आलेले आहे. म्हणजे ते गुणावरून ठेवलेले नाव होय. यमाच्या दारातील श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांची नावे मात्र रंगावरून पडलेली आहेत: एक काळा, दुसरा कबरा. कोणत्याही खेड्याच्या वेशीवर 'काळ्या' अशी हाक मारली तर एक तरी कुत्रा शेपूट हालवीत पुढे येतो. यमदूतांच्या नामकरणाची पद्धत अद्याप मोडलेली नाही.

मराठी मुलखात आल्यावर नावाचा प्रश्न अधिक गंभीर होतो. येथे कुत्र्याचे नाव हा इतिहास-संशोधनाचा, आणि प्रसंगी सार्वजनिक कलहाचाही विषय झालेला आहे. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा एक लाडका कुत्रा होता. १८१८ नंतर साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची हकीकत दिली आहे. या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत महाराजांचे प्राण वाचविले. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि पालखीचा लवाजमाही चालू ठेवला. पुढे इंद्रोजी कदम नावाचा सरदार मोठ्या थाटामाटाने दरबारी येत आहे असे कळले, तेव्हा महाराजांनी स्वतः साधा वेष केला, आपल्या कुत्र्याला जरीची वस्त्रे व जडजवाहीर चढविले, आणि स्वतःची पगडीही त्याच्याच मस्तकी ठेवली. ग्रँट डफला यात बुद्धीचे दौर्बल्य दिसले. परंतु भपक्याच्या भरात आलेल्या सरदाराला एक कठोर शब्द न बोलता जमिनीवर आणणाऱ्या राजाला दुर्बळ म्हणणे हे, दरबारी रीतीचा ज्याला थोडाबहुत अनुभव आहे त्याला पटणे अवघड आहे.

कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीस, या कुत्र्याची समाधी दाखवितात. परिसरातील लोक त्याचे नाव 'खंड्या' असे सांगतात. हे नाव लोकांच्या तोंडून आले आहे, आणि अस्सल मराठी आहे. खंडू, खंडेराव ही माणसांची नावे ज्या दैवतावरून पडली, त्याच घरचे हे नाव असावे. जेजुरीच्या खंडोबाच्या परिवारात घोड्याबरोबर कुत्राही असतो. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. खंडोबाला मार्तंडभैरव म्हणतात, आणि भैरवाचे वाहन कुत्रा हे तर राजस्थानातील भैरूजीच्या ठाण्यांवरही पाहावयास मिळते. योगायोगाची गोष्ट अशी की, पाण्यावर झडप घालून मासा उचलणाऱ्या निळ्या पक्ष्यालाही मराठीत खंड्या हेच नाव आहे. पाण्यातून पक्षी उचलून आणणाऱ्या कुत्र्यासाठी एखादे देशी नाव कोणी शोधीत असेल, तर त्याने या नावाचा अवश्य विचार करावा.

वाघ्या, खंड्या, मोत्या, काळ्या ही सर्व नावे 'या'ने संपतात, हेही सहज घडलेले नाही. गणपतचा गण्या आणि रामचा राम्या करणारा हा प्रत्यय सलगीचा आहे, आणि त्याचा शेवटचा स्वर मोकळ्या तोंडाने लांबविता येतो. दोन अक्षरांची हाक शेताच्या बांधावरून पार ओढ्यापर्यंत पोचते. इंग्रज शिकारीही आपल्या कामाच्या कुत्र्यांना एक-दोन अवयवांचीच नावे देतात, त्याचे कारणही हेच: तळ्याच्या पैलतीरी गेलेल्या कुत्र्याला चार शब्दांच्या नावाने बोलाविता येत नाही.

आता वाघ्याविषयी. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा देहान्त झाला. महाराजांच्या चितेत त्यांच्या कुत्र्याने उडी घेतली आणि त्याचे नाव वाघ्या, ही कथा महाराष्ट्रात घरोघर पोचलेली आहे. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये निवर्तले. त्यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण राहिलेल्या नाटकाशी हे नाव जोडले गेले, आणि १९३६ मध्ये महाराजांच्या समाधीनजीक उंच चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा उभा राहिला. त्या कामी इंदूरच्या होळकरांचे अर्थसाहाय्य होते. मात्र समकालीन मराठी, फारसी अगर इंग्रजी साधनांत या कुत्र्याचा उल्लेख आढळत नाही. या मुद्द्यावर वादंग माजून २०११ च्या ऑगस्टमध्ये पुतळा काढून टाकण्यात आला आणि काही दिवसांतच पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्ये तो हटविण्याची मागणी पुन्हा पुढे आली. एका पक्षाला हा महाराजांच्या स्मृतीत शिरकाव केलेला कल्पित प्रसंग वाटतो. दुसऱ्या पक्षाला ती पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठेची खूण वाटते, आणि पुतळ्याला हात लावणे म्हणजे देणगीदारांचा व श्रद्धाळूंचा अवमान वाटतो. शाहू महाराजांच्या कुत्र्याची लेखी हकीकत आहे, पण तीत नाव नाही. वाघ्याचे नाव सर्वतोमुखी आहे, पण लेख नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोहोंपैकी पहिल्या कुत्र्याचाच आधार अधिक वाटणार. मात्र नाव नसलेल्या प्राण्यासाठी समाज भांडत नाही, हेही त्याने ध्यानात घेतले पाहिजे.

लेखी नोंदीने असा वाद कसा मिटतो, याचे उदाहरण खुद्द सोनेरी रिट्रीव्हरच्याच कुळकथेत सापडते. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गिसाखन येथे डडली मार्जोरीबँक्स, म्हणजे पुढे लॉर्ड ट्वीडमथ झालेला जमीनदार, शिकारी कुत्र्यांची पैदास करीत असे. बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यातून वा झुडपातून अलगद तोंडात धरून, पिसाला दाताचा ओरखडा न उमटविता, आणून देणारा कुत्रा त्याला हवा होता. या जातीच्या उगमाविषयी पुढे एक सुरस कथा रूढ झाली. ब्रायटन येथे रशियन सर्कशीत खेळ करणारे पिवळे कुत्रे लॉर्डसाहेबांना आवडले, आणि त्यांनी तो सारा ताफाच विकत घेतला, अशी ती कथा होती. कित्येक वर्षे जाणत्या लोकांनीही तिच्यावर विश्वास ठेवला. कारण सर्कस, रशिया आणि लॉर्ड या तीन गोष्टी एकत्र आल्यावर पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही.

१९५२ मध्ये त्या घराण्याचे आप्त असलेल्या इल्चेस्टरच्या अर्लने गिसाखनच्या श्वानशाळेची जुनी नोंदवही उजेडात आणली. १८३५ ते १८९० पर्यंतच्या नोंदी तीत आहेत. तीत सर्कस नाही, रशियाही नाही. 'नूस' नावाचा एक पिवळा रिट्रीव्हर आहे, ट्वीड नदीकाठच्या पाणकुत्र्यांच्या जातीची 'बेल' नावाची कुत्री आहे, आणि १८६८ मध्ये त्यांना झालेली पिवळी पिल्ले आहेत. त्यांपैकी तिघांची नावे क्रोकस, प्रिमरोझ आणि काउस्लिप. विलायतेत ही सारी वसंतात फुलणारी फुले आहेत आणि काउस्लिप, प्रिमरोझ ही तर पिवळीच. चौथीचे नाव ॲडा. ती इल्चेस्टरच्या घरी गेली. बापाचे नाव ग्रीक भाषेत बुद्धीचे वाचक, आईच्या नावाचा फ्रेंचमध्ये अर्थ सुंदरी, आणि पिल्ले म्हणजे फुलांचा ताटवा. ज्याने ही नावे योजिली, त्याला आपण काही नवे निर्माण करीत आहोत याची जाणीव होती, असेच म्हणावे लागते. काळ्या कुत्र्यांची चलती असलेल्या त्या काळात पिवळा रंग हा बहुतेकांना दोष वाटे. त्याने तोच नावातून मिरविला.

या नावांच्या आधारे पुढील पिढ्यांची वंशावळ लावता आली, आणि सर्कशीची कथा मागे पडली. जातीच्या नावाचा प्रवासही थोडा गमतीचा आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९१३ मध्ये या कुत्र्यांची वेगळी गणना केली, तेव्हा दप्तरी नाव 'सोनेरी किंवा पिवळा रिट्रीव्हर' असे होते. १९२० मध्ये त्यातून 'पिवळा' हा शब्द गळाला आणि केवळ 'सोनेरी' उरला. रंग बदलला नव्हता. दर्जा वाढला होता.

हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या शिकारखान्यांत हे विलायती कुत्रे आले, तेव्हा ते आपापली नावे बरोबर घेऊनच आले. जुनागढचे नवाब महाबतखान यांचा कुत्र्यांचा षोक सर्वश्रुत आहे. त्यांनी आपल्या रोशनआरा नावाच्या कुत्रीचे लग्न थाटामाटात लावून दिले, आणि मांगरोळहून आलेला तिचा नवरदेव सोनेरी रिट्रीव्हर होता, असे सांगितले जाते. वधूचे नाव शहाजहानच्या कन्येचे. वराचे नाव मात्र बॉबी, जे लंडनमध्ये रस्त्यावरच्या शिपायाला लावतात. जयपूरच्या पूर्वेस भरतपूरला केवलादेवच्या पाणथळ रानात जे शिलालेख उभे आहेत, त्यांवर पाहुण्यांची नावे, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीचा आकडा ४,२७३ आहे. हे पक्षी पाण्यात उतरून गोळा करणाऱ्यांपैकी, मग तो माणूस असो वा कुत्रा, कोणाचेही नाव तेथे नाही.

जयपूर शहरात कुत्र्यांची मोठी मोजदाद झाली ती त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने. क्रिस्टल रॉजर्स या बाईंनी १९८० मध्ये तेथे 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था काढली होती. १९९४ च्या नोव्हेंबरापासून या संस्थेने गल्लीबोळांतील कुत्री धरून त्यांची संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्याचे, रेबीजची लस टोचण्याचे आणि जेथून आणले तेथेच परत नेऊन सोडण्याचे काम हाती घेतले. २००२ अखेर सुमारे २५ हजार कुत्र्यांवर हे उपचार झाले, आणि या भागातील माणसांच्या रेबीजचे प्रमाण घटले. ओळख पटावी म्हणून कुत्र्याच्या कानाला खाच पाडली जाते. धनी नसल्यामुळे नाव सांगणारा कोणी नसतो, तेव्हा कानाची खाच हीच नोंद. पण कुत्रे गल्लीत परत आले की, पोरे त्याला पूर्वीच्याच नावाने हाका मारू लागतात: शेरू, कालू, भूरी, मोती. शेरू म्हणजे वाघ्याच, आणि बंगल्यातल्या मुलांचा सिंबा हा तरी काय, स्वाहिली भाषेतला सिंहच. आजोबांचा मोती मात्र कुंपणाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे सारखाच ओ देतो.