पटावरील विद्यार्थी आणि वर्गातील विद्यार्थी

देशातील शालेय शिक्षणाची प्रगती मोजताना सर्वाधिक वापरला जाणारा आकडा पटसंख्येचा असतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ या माहिती प्रणालीनुसार २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सर्व प्रकारच्या शाळा मिळून २४ कोटी ६९ लाख विद्यार्थ्यांची नावे पटावर होती. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत वेगळी मोजणी केली जाते. पाहणी करणारे कार्यकर्ते गावातील सरकारी शाळेला भेट देतात आणि त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष बसलेली मुले मोजतात. २०२४ च्या पाहणीत पटावरील १०० पैकी सरासरी ७६ विद्यार्थी हजर आढळले. म्हणजेच सुमारे चारपैकी एक विद्यार्थी भेटीच्या दिवशी शाळेत नव्हता. २०१८ मध्ये हे प्रमाण सुमारे ७२ टक्के आणि २०२२ मध्ये ७३ टक्के होते. सुधारणा आहे, परंतु तिचा वेग मंद आहे.

याच पाहणीनुसार ६ ते १४ वयोगटातील ९८ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे कोणत्या ना कोणत्या शाळेत दाखल आहेत. नाव दाखल करण्याचे काम जवळपास पूर्ण झाले असताना उपस्थितीचा प्रश्न मात्र उरला आहे, आणि सरकारी शाळांसंबंधीच्या चर्चेत त्याला अद्याप दुय्यम स्थान मिळते.

संज्ञांचा गोंधळ

या विषयातील आकडे वाचताना चार संज्ञा वेगळ्या ठेवाव्या लागतात. पटसंख्या म्हणजे शाळेच्या नोंदवहीतील नावे. उपस्थिती म्हणजे त्यांपैकी प्रत्यक्ष वर्गात आलेली मुले. गळती म्हणजे एका वर्षी पटावर असलेली, परंतु पुढील वर्षी कोणत्याच इयत्तेत न आढळलेली मुले. शाळेत टिकून राहण्याचे प्रमाण म्हणजे पहिलीत दाखल झालेल्या १०० मुलांपैकी ठराविक इयत्तेपर्यंत पोहोचलेली मुले. या शेवटच्या संज्ञेसाठी इंग्रजीत ‘रिटेन्शन’ हा शब्द आहे आणि अनुवादकाला तो हमखास अडचणीत आणतो. भारतीय अहवालांत त्याचा अर्थ मूल शाळेत टिकणे असा होतो, तर अमेरिकी अहवालांत पुष्कळदा मुलाला त्याच इयत्तेत पुन्हा बसवणे असा होतो. पहिल्या अर्थाने प्रमाण वाढणे ही चांगली बातमी ठरते, दुसऱ्या अर्थाने नाही. ‘धारण’ हा सरकारी प्रतिशब्द कागदोपत्री रुळला असला, तरी ‘टिकणे’ हे साधे क्रियापद अधिक नेमके वाटते.

उपस्थितीच्या आकड्यातही एक संदिग्धता दडलेली आहे. सरासरी उपस्थिती ७५ टक्के असणे दोन प्रकारे शक्य असते. प्रत्येक मूल चार दिवसांतून एक दिवस गैरहजर राहत असेल, किंवा तीन मुले रोज येत असतील आणि चौथे कधीच येत नसेल. पहिल्या परिस्थितीत प्रश्न अनियमिततेचा असतो. दुसरीत मात्र चौथ्या मुलाचे शिक्षण थांबलेले असते. केवळ त्याचे नाव पटावर राहिलेले असते. एका दिवसाच्या शिरगणतीतून हा फरक कळत नाही. तो वर्गशिक्षकाच्या हजेरीपटावरूनच कळू शकतो.

जुना प्रश्न

सक्तीच्या शिक्षणाचा विचार देशात प्रथम संस्थानांनी अमलात आणला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्राथमिक शिक्षण विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांसाठी दंडाची तरतूद केली.

ब्रिटिश अमलाखालील प्रांतांची स्थिती १९२९ च्या हार्टोग समितीने उघड केली. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये केवळ १८ मुले चौथीत होती. उरलेल्यांपैकी काहींनी शाळा सोडली होती, तर काही खालच्याच इयत्तेत अडकून पडली होती. शिक्षणशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आजही आढळणारी ‘गळती व स्थगन’ ही जोडी याच अहवालातून आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले होते. ती मुदत १९६० मध्ये संपली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सर्व मुलांना शाळेत दाखल करणे आणि त्यांना शाळेत टिकवणे अशी दोन वेगळी उद्दिष्टे शब्दांत मांडली.

धान्यापासून शिजवलेल्या अन्नापर्यंत

मुलांना शाळेत आणण्यासाठी योजलेल्या उपायांत मध्यान्ह भोजनाचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. तामिळनाडूत के. कामराज यांच्या काळात आरंभ झालेल्या शालेय भोजनाचा एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने १९८२ मध्ये मोठा विस्तार केला. केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तथापि बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न न देता धान्यच वाटले जात असे. महिन्याला ३ किलो धान्य मिळण्यासाठी ८० टक्के उपस्थितीची अट होती. अट हजेरीची, आणि हजेरीची नोंद शाळेच्याच हाती. त्यामुळे धान्याचे वाटप व मुलाचे वर्गात येणे यांचा संबंध सैल राहिला.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशाने चित्र पालटले. वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न शाळेतच द्यावे, असा हा आदेश होता. शिजवलेले अन्न त्या दिवशी शाळेत आलेल्या मुलालाच मिळते, त्यामुळे हजेरीची वेगळी अट घालण्याचे कारणच उरले नाही. ज्याँ द्रेझ व अपराजिता गोयल यांनी छत्तीसगड, राजस्थान व कर्नाटक या राज्यांत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भोजन सुरू झाल्यावर पहिलीतील नोंदणी, विशेषतः मुलींची, लक्षणीय वाढल्याचे आढळले. २०२१ पासून ही योजना ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्रातील एका योजनेचा येथे उल्लेख करावा लागेल. दुर्बल घटकांतील मुलींनी प्राथमिक शाळेत नियमित यावे म्हणून १९९० च्या दशकात राज्य शासनाने उपस्थिती भत्ता सुरू केला. त्याची रक्कम दिवसाला एक रुपया होती, आणि दशके लोटली तरी ती एक रुपयाच राहिली. पालकाच्या निर्णयावर या रुपयाचा कितपत परिणाम होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

पट का फुगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता या तिन्हींवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर सोपवले आहे. मूळ कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच इयत्तेत रोखता येत नव्हते, तसेच शाळेतून काढूनही टाकता येत नव्हते. नापास होण्याच्या नामुष्कीमुळे होणारी गळती यामुळे थांबली, हे मान्य करावे लागेल. मात्र कागदावर मूल दर वर्षी आपोआप पुढच्या इयत्तेत जाऊ लागल्याने टिकून राहण्याचे प्रमाण हा आकडा पूर्वीइतका विश्वासार्ह राहिला नाही. वर्षभर अधूनमधूनच आलेले मूलही आकडेवारीत टिकलेले दिसते.

मूल नेमके केव्हा शाळाबाह्य समजावे, याबद्दलही राज्याराज्यांत एकवाक्यता राहिली नाही. केंद्रीय पातळीवरील व्याख्येत पूर्वसूचनेविना सलग ४५ दिवसांची गैरहजेरी धरली गेली. कर्नाटकात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून हा विषय हाती घेतल्यानंतर ही मर्यादा सात दिवसांवर आणण्यात आली. व्याख्या कडक केली की शाळाबाह्य मुलांची संख्या वाढते आणि त्या राज्याची कामगिरी वाईट दिसू लागते. तरीही मुलाच्या दृष्टीने सात दिवसांची मर्यादाच उपयोगाची आहे. दीड महिन्यानंतर शोध सुरू झाला, तर तोवर मूल कामाला लागलेले असते आणि अभ्यासही हाताबाहेर गेलेला असतो.

नाव पटावर ठेवण्यात शाळेचे हितही गुंतलेले असते. शिक्षकांची पदे पटसंख्येवर मंजूर होतात. महाराष्ट्रात या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो. पट आणखी खाली गेला तर शाळाच बंद होण्याची भीती असते. अनुदान, गणवेश, पाठ्यपुस्तके व धान्य यांचेही गणित पटावरच बसते. महाराष्ट्र शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत दाखवले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. या मोहिमेत पटावरील सुमारे २० लाख विद्यार्थी प्रत्यक्षात आढळले नाहीत. त्यांपैकी सर्व नावे खोटी होती असे मानणे घाईचे ठरेल. स्थलांतर करून गेलेली किंवा आजारी मुलेही त्यांत होतीच. पण नाव कमी करणाऱ्या प्रामाणिक मुख्याध्यापकाला शिक्षक गमवावा लागतो, ही व्यवस्थेतील विसंगती या मोहिमेनेही दूर झाली नाही.

राष्ट्रीय आकडेवारीतही असाच अनुभव आला. २०२२-२३ पासून ‘यूडायस प्लस’मध्ये शाळानिहाय बेरजेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. २०२१-२२ मधील २६ कोटी ५२ लाखांची पटसंख्या त्या वर्षी २५ कोटी १७ लाखांवर आली. जन्मदर कमी झाल्याचा परिणाम यात आहेच. परंतु एका वर्षात एवढी घट होण्यात दुबार नावे वगळली जाण्याचाही वाटा आहे. म्हणून २०२२-२३ च्या आधीचे व नंतरचे आकडे शेजारी ठेवून कल काढणे योग्य नव्हे.

गळती कोठे आणि केव्हा

उपस्थितीचा नकाशा एकसारखा नाही. ‘असर’च्या पाहण्यांत तामिळनाडू, कर्नाटक यांसारख्या दक्षिणी राज्यांत उपस्थिती सातत्याने ८० टक्क्यांहून अधिक आढळली आहे, तर बिहार व उत्तर प्रदेशात ती अनेक वर्षे ६० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिली. नोंदणीत मात्र या राज्यांमधील अंतर इतके मोठे नाही.

वयाप्रमाणे पाहिल्यास खरी घसरण आठवीनंतर होते. २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार वार्षिक गळतीचे प्रमाण तिसरी ते पाचवीत २.३ टक्के, सहावी ते आठवीत ३.५ टक्के आणि माध्यमिक स्तरावर ८.२ टक्के होते. पहिलीत दाखल झालेल्यांपैकी बारावीपर्यंत टिकणाऱ्यांचे प्रमाण ४७.२ टक्के होते. आदल्या वर्षी ते ४५.६ टक्के होते. कायद्याचे संरक्षण १४ व्या वर्षी संपते, गावातील शाळा सातवी-आठवीला संपते आणि याच वयात मुलाचे श्रम घराला उपयोगी पडू लागतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) शिक्षण सुटण्याचे प्रमुख कारण मुलांच्या बाबतीत अर्थार्जन आणि मुलींच्या बाबतीत घरकाम असे नोंदवले गेले.

अंतराचा अडसर दूर केला तर काय घडते, हे बिहारने दाखवून दिले. राज्य सरकारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये देण्यास प्रारंभ केला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींच्या नोंदणीत ३२ टक्के वाढ झाली. हा परिणाम शाळेपासून तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत सर्वाधिक होता.

स्थलांतराचा प्रश्न मात्र सायकलीने सुटणारा नाही. ओडिशातील बलांगीर व नुआपाडा जिल्ह्यांतील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. कच्छच्या छोट्या रणात अगरिया कुटुंबे हिवाळा-उन्हाळा मिठागरांवर काढतात. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी निघालेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शालेय आकडेवारीसाठी अनेक वर्षे ३० सप्टेंबर हा संदर्भ दिनांक धरला जात असे. त्या दिवशी ऊसतोड मजुराचे मूल बहुधा वर्गातच असते. त्याचे दुसरे सत्र मात्र फडात किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्यात जाते. यावर उपाय म्हणून महाराष्ट्रात गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि शाळेच्या आधाराने जेवतात. वसतिगृहाला मंजुरी व निधी टोळ्या गावाबाहेर पडण्यापूर्वी मिळाला, तरच मूल मागे राहू शकते. एकदा ते आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर गेले की परतीची सोय सहसा होत नाही.